विहिणीची जागा

उजळाईवाडीच्या विमानतळावर आमची चटणी अडवली आणि तिथूनच या प्रवासाला सुरुवात झाली. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण आणि खोबरं घालून डंकात (तिखट कुटायच्या यंत्रात) कुटलेलं लाल तिखट. आमचा स्वतःचा डंक आहे. त्यामुळं विहिणीकडे चटणी न घेता जायचं म्हणजे सोनाराच्या बायकोनं लंकेची पार्वती होऊन लग्नाला जाण्यातला प्रकार. तपासणीच्या बाईनं माझ्या पर्समधली पिशवी काढली, हुंगली, शिंकली आणि हे विमानात नेता येणार नाही म्हणाली. का, असं विचारल्यावर म्हणाली, कुणाच्या डोळ्यात टाकलंत तर? इतकी वर्षं मी तिखट विकते आहे, पण मी हत्यारांचा धंदा करते हे मला त्या दिवशी कळलं. आमचे मालक बाहेर थांबले होते, त्यांच्याकडे पिशवी परत पाठवली. बाईनं मात्र डंक कुठं आहे ते नीट विचारून घेतलं.

माझी विहीण केनियात असते. आमच्या भागातली बरीच पोरं साखर कारखान्यांच्या मागं आफ्रिकेत गेली, त्यात आमचा प्रदीपही गेला. तिथल्या कारखान्याच्या दवाखान्यात अकिनी नावाची नर्स होती. प्रदीपला ताप आला, तिनं सुई टोचली, आणि पुढचं आम्ही मोबाइलवर बघितलं, लग्नासकट. मालकांनी तेव्हा जेवणाशी अबोला धरला होता. नातू झाल्यावर मात्र त्याचा फोटो त्यांनी डंकावर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावला, आणि तिखट कुटायला आलेल्या प्रत्येक बाईला तो बघितल्याशिवाय सोडत नाहीत.

आता प्रदीपला आपल्याकडच्या एका कारखान्यात नोकरी मिळत होती. बायको-पोराला घेऊन कायमचं घरी यायची त्याची इच्छा. अकिनी तयार होती. तिची आई तयार नव्हती. तिचं म्हणणं, मी आधी घर बघणार, माणसं बघणार, मग माझी लेक आणि माझा नातू पाठवणार. मला ते पटलं. आपल्याकडेही मुलीकडचे घर बघितल्याशिवाय होकार देत नाहीत. म्हणून तिखटाचा हंगाम संपल्यावर मी निघाले, नातवाला बघायला आणि विहिणीला आणायला. तिनं नाही म्हटलं तर माझा नातू मोबाइलमध्येच मोठा होणार होता.

नैरोबीहून प्रदीपनं मला गाडीनं त्यांच्या गावी नेलं. रस्ताभर चहाचे मळे, मग ऊस. उसाचा फड दिसल्यावर माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं माणसं ओळखीचीच असणार. विहीण दारातच उभी होती. उंच, डोक्याला रंगीत फडकं बांधलेलं, आणि आवाज असा की आमच्या गल्लीत सहज खपून गेला असता. "कारिबू" (या, बसा) म्हणत तिनं मला एवढ्या जोरात मिठी मारली की माझा चष्मा तिच्या खांद्यावर राहिला. तिकडे आईला लेकराच्या नावानं ओळखतात, म्हणून ती मामा अकिनी. मामा म्हणजे आई. हे मी फोनवर मालकांना सांगितलं, तर म्हणाले, मग तिच्या भावाला काय म्हणायचं? मी फोन ठेवून दिला.

आमच्यात भाषेची अडचण येईल असं सगळ्यांना वाटत होतं. पण तिकडे चहाला चाय म्हणतात, साबणाला साबुनी, दुकानाला दुका, गाडीला गारी आणि हिशेबाला हेसाबू. पहिला दिवस आम्ही दोघींनी एवढ्यावर निभावला. पुढं तिचं इंग्रजी आणि माझं मोडकंतोडकं, शिवाय हातवारे. या लेखात ती जे बोलते ते मी माझ्या मराठीत घालते आहे, चूकभूल द्यावी घ्यावी.

जेवायला उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा नावाची पालेभाजी आणि तळ्यातला मासा. सगळं चवीला छान, फक्त तिखटाचा पत्ता नाही. मी माहेरी आजारी पडल्यासारखी जेवत होते. विहीण बाजारात ओमेना विकते. ओमेना म्हणजे बारीक सुकी मासळी, आपली सुकटच म्हणा ना. तिसऱ्या जेवणाला माझा धीर सुटला. मी तिच्या चुलीवर ओमेना भाजली, तिथल्याच मिरच्या लसणाबरोबर ठेचून त्यात घातल्या आणि तिच्या पानात वाढली. तिनं घास घेतला, डोळ्यांतून पाणी काढलं, नाक पुसलं आणि ताट पुढं केलं. त्या दिवसापासून आम्ही खऱ्या विहिणी झालो.

रात्रीच्या गप्पांत तिनं एकदा विचारलं, तुमच्याकडची माणसं कशी आहेत? मी वकिलासारखी सुरू झाले. म्हटलं, आमच्याकडे जेवत्या माणसाला कुणी पानावरून उठवत नाही, मग तो वैरी का असेना, आणि विहिणीला तर कुठूनच उठवत नाहीत. विहिणीचा मान म्हणजे काय असतो ते तुला आल्यावर कळेल. ती मांडीवरच्या नातवाला थोपटत एवढंच म्हणाली, "बघू."

परतीच्या विमानात आम्हा दोघींच्या जागा शेजारी होत्या. खिडकी तिची होती, ती तिनं हट्टानं मला दिली आणि स्वतः मधल्या सीटवर बसली. माझ्या पायाशी पिशवी होती. तिच्यात ओमेना भरलेली, कारण मोठी बॅग वजनात बसेना. पिशवीला वास होता, खोटं कशाला बोलू. पण कोल्हापूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तो वास वाटत नाही, भूक वाटते.

कडेच्या सीटचे गृहस्थ सगळ्यांत शेवटी आले. गळ्यात प्रवासाची उशी, कडक इस्त्रीचा शर्ट. त्यांनी आधी सीट बघितली, मग विहिणीकडे बघितलं, मग हातातला कागद, मग पुन्हा विहिणीकडे. बसले नाहीत. होस्टेसला बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. त्यातलं "वास" आणि "मागे कुठंतरी" एवढं मला कळलं. होस्टेस माझ्यावरून नजर काढून विहिणीकडे वळली आणि गोड हसून म्हणाली, मॅडम, तुम्ही माझ्याबरोबर चला, तुम्हाला मागे जास्त आरामात बसता येईल.

मी म्हटलं, "बाई, वास माझ्या पिशवीला हाय. सुकट हाय ती. उठवायचं तर मला उठवा."

त्यावर ते गृहस्थ माझ्याकडे बघून चक्क मराठीत बोलले, "नाही नाही काकू, तुमचं काही नाही. तुम्ही आपल्यातल्या."

वास माझा आणि जागा तिची गेली. विहीण उठली, डोक्याचं फडकं सारखं केलं आणि होस्टेसच्या मागून ताठ मानेनं चालत गेली. शेवटच्या रांगेत, संडासाच्या भिंतीला लागून, तिला बसवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्याकडे अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं आहे. विहिणीचा मान राहिला नाही की मांडवात रुसवा होतो. विहीण रुसते, तिच्याबरोबर तिच्या बहिणी, जावा रुसतात, वाजंत्री थांबते, वाढपी भात घेऊन उभे राहतात, आणि मुलीचा बाप येऊन मनधरणी करेपर्यंत पुढचं काही होत नाही. मी आजवर बरेच रुसवे बघितले आहेत, दोन-तीन स्वतः केले आहेत. तेव्हा मी पदर खोचला, एव्हाना आपल्या जागेवर बसलेल्या त्या गृहस्थांच्या गुडघ्यांवरून कशीबशी बाहेर आले आणि मधल्या वाटेत उभी राहून जाहीर केलं, "माझ्या विहिणीला मानानं आणून बसवा. तोवर मी बसत न्हाय."

आणि इथंच माझं गणित चुकलं. मांडवात माणूस रुसलं की पुढं काय करायचं ते सगळ्यांना माहीत असतं. विमानात कुणालाच माहीत नव्हतं. एका होस्टेसनं मला चक्कर येते का विचारलं. दुसरीनं पाणी आणलं. तिसरीनं मला दंडाला धरून प्रेमानं संडासाचं दार दाखवलं. मी तिथंही रुसूनच उभी राहिले.

एवढ्यात मागच्या बाजूनं आवाज आला, "मावशी, कुठल्या म्हणायच्या तुम्ही?"

कारखान्याचं निळं जाकीट घातलेला एक माणूस सीटवरून अर्धा उठला होता. हुपरीचा फिटर, तिकडच्या कारखान्याचं काम संपवून गावी चाललेला. मी त्याला थोडक्यात सगळं सांगितलं.

"विहिणीला उठिवलं?" त्यानं एवढंच विचारलं आणि पट्टा सोडून तोही उभा राहिला. त्याचे दोन जोडीदार झोपेतून उठले, काय झालं ते त्यांना कळलं नाही, पण हा उभा आहे म्हटल्यावर तेही उभे राहिले. आता रुसव्याला जरा वजन आलं.

मग होस्टेसांची मुख्य आली. केस घट्ट बांधलेली, वयानं मोठी, कामाला पक्की दिसत होती. तिनं मला शांतपणे समजावलं की दारं लावायची आहेत, आणि मी बसले नाही तर मला खाली उतरवावं लागेल. मला भीती वाटली. मी उतरले तर विहीण एकटी मुंबईला जाणार, तिथं तिला घ्यायला कुणी नाही, आणि ज्या बाईला मी माणसं दाखवायला नेत होते तिला हीच माणसं दिसणार. तरी बसले नाही, कारण बसले असते तर ती पुन्हा कधी माझ्याशेजारी बसली नसती.

हुपरीचा फिटर इंग्रजीत पुढं सरसावला. मला जेवढं कळलं त्यावरून त्यानं असं सांगितलं की मॅडम, आम्हाला भांडण नको. वास हिच्या पिशवीचा आहे, हे ही स्वतः सांगते आहे. मग उठवलं तिला, ते का? तेवढं सांगा, आम्ही बसतो.

मुख्य बाईनं होस्टेसकडे बघितलं. होस्टेसनं त्या गृहस्थांकडे बघितलं. गृहस्थ मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले. बाईला समजलं. तिचा चेहराच उतरला. ती स्वतः मागे गेली, विहिणीपुढं वाकली, माफी मागितली आणि तुमच्या जागेवर चला म्हणाली.

विहीण म्हणाली, "तुम्ही ऊठ म्हणालात, मी उठले. आता तुम्ही बस म्हणता म्हणून बसणार नाही."

रुसवा म्हणजे काय हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण इतका अस्सल रुसवा मी कुठल्याच मांडवात बघितलेला नाही. बाईनं तिची परोपरीनं विनवणी केली, विहीण ढिम्म. शेवटी मीच जाऊन तिच्याशेजारच्या रिकाम्या सीटवर बसले. ती सीट मागे जात नाही आणि दर थोड्या वेळानं कुणीतरी आपल्या डोक्याला धरून संडासात शिरतं. पुढं काय झालं असेल? आमच्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या आणि तो पठ्ठ्या विमान वर गेल्याबरोबर तिन्ही सीटवर आडवा झाला. मला रडूच आलं.

विहीण समोर बघत म्हणाली, "मला हे नवीन नाही. पण मला घर बघायचं होतं आणि ते इथंच दिसलं. मुंबईहून माझं परतीचं तिकीट काढ."

मी वकील राहिले नव्हते.

जेवण झाल्यावर फिटर आमच्याकडे आला. "मावशी, तुमची पिशवी तितंच पुढं ऱ्हायली की. आणू?"

मी वाकून बघितलं. गृहस्थ आता आडवे नव्हते. ताठ बसले होते, गळ्यातली उशी नाकावर चढवलेली, आणि होस्टेसच्या घंटीचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होते. होस्टेस त्यांना सांगत होती की सर, आता तुमच्याशेजारी कुणीच नाही, आणि विमानात दुसरी सीट रिकामी नाही. पिशवी सीटखाली, त्यांच्या नाकापासून हातभर अंतरावर, वरून ऊब लागलेली. विहिणीनं मला विचारलं, काय झालं? मी सांगितलं. आधी तिचे खांदे हलले, मग पोट हललं, मग ती अख्खी हसायला लागली, आणि तिच्याबरोबर आमची सीटही.

"पिशवी राहू दे तिथंच," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे तर," फिटर म्हणाला आणि समाधानानं झोपायला गेला.

मुंबईत उतरल्यावर तिनं परतीच्या तिकिटाचं पुन्हा काढलं नाही. एवढंच म्हणाली की तुझी सुकट खायला येते, बाकीचं आत्ता विचारू नको. मी नाही विचारलं. पिशवी मात्र पुढच्या विमानात मी तिच्या हातात दिली नाही, पोटाशी धरून बसले.

कोल्हापूरला मालक हार घेऊन उभे होते. त्यांनी "कारिबू" एवढा शब्द पाठ केला होता, तो त्यांनी विहिणीला म्हटला, मग मला, मग रिक्षावाल्यालाही म्हटला. दुसऱ्या दिवशी घरी विहिणीची पंगत ठेवली. माझी धाकटी जाऊ शालन हिनं सगळी व्यवस्था हातात घेतली. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. गल्लीतल्या, भावकीतल्या बायका सोप्यात (घराच्या पुढच्या मोठ्या खोलीत) भिंतीकडेनं ओळीनं जमिनीवर बसल्या, आणि विहिणीसाठी खिडकीजवळ वेगळं टेबल-खुर्ची, वर धुतलेला टेबलक्लॉथ, पेल्यात गुलाबाचं फूल. मला बघून भरून आलं. म्हटलं, शालनला किती सुचतं. मी पांढऱ्या रश्शाचं पातेलं घेऊन वाढत सुटले.

ओळीच्या टोकाला कमलताई बसल्या होत्या. आमच्या समोरच राहतात, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, घराणं बौद्ध. मी त्यांच्या वाटीत रस्सा ओतताना त्यांनी हळूच विचारलं, "सुमन, तुझ्या विहिणीचे गुडघे दुखतात का गं?"

"न्हाय, ते माझे दुखत्यात."

"मग टेबल कुणाच्या सोयीचं?" त्या म्हणाल्या. "माझ्या आजीलाबी सोयीसाठीच बाजूला बसवायचे."

माझ्या हातातला चमचा पातेल्यात पडला. मी शालनला गाठलं आणि विचारलं. ती आधी मानाचं, मान म्हणूनच वेगळं, असं बोलली. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "तसं न्हवं गं, शेजारी बसाय बायका जरा... सवय न्हाय की अजून."

खिडकीजवळ विहीण एकटी जेवत होती. पाठ ताठ, नजर समोर. ती कशी बसली आहे ते मी ओळखलं, कारण विमानात मी तिला अशीच बसलेली बघितली होती. तिला सगळं कळलेलं होतं. मला कळायला तेवढा वेळ लागला.

आता तिला उठवून ओळीत आणायचं म्हणजे जेवत्या माणसाला पानावरून उठवायचं. ते तर होणार नाही. मी सोप्याच्या मधोमध उभी राहिले आणि डंकावर बोलते त्या आवाजात म्हटलं, "सगळ्यांनी ताटं उचला. पंगत खिडकीकडं सरकवायची हाय."

बायका बघतच राहिल्या. शालन म्हणाली, रस्सा सांडंल. मी म्हटलं, सांडू दे. सगळ्यांत आधी कमलताईंनी ताट उचललं. मग एकेक करत बाकीच्या उठल्या, कुणी कुरकुरत, कुणी हसत, कुणी निऱ्या सावरत. तांबडा रस्सा फरशीवर सांडला, पांढरा शालनच्या नव्या साडीवर. भाकऱ्यांची चवड पडता पडता वाचली. शेवटी सगळी पंगत टेबलाभोवती येऊन बसली आणि दिसायला ते फार विचित्र दिसू लागलं, कारण विहीण खुर्चीवर उंच आणि आम्ही सगळ्या तिच्या पायाशी, दर्शनाला आल्यासारख्या.

तिनं खाली बघितलं. मग आपलं ताट उचललं, खुर्चीवरून उतरली आणि कुणी न सांगता शालन आणि कमलताईंच्या मध्ये मांडी घालून बसली. शालन आधी आखडली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते आणि सरकायला जागा नव्हती. जरा वेळानं तिनं भाकरीची चवड विहिणीपुढं ढकलली.

हल्ली डंकावर येणाऱ्या बायका मला विचारतात, आफ्रिका किती लांब आहे हो? मी सांगते, विमानानं फार नाही. आमच्या सोप्यातल्या भिंतीपासून खिडकीपर्यंत जायला जास्त त्रास पडला.

त्या दिवशी जेवणं होत आली तेव्हा विहिणीनं मला विचारलं, "अकिनी इथं आली तर रोज असं होईल?"

मला खोटं बोलता आलं असतं. "रोज न्हाय," मी म्हटलं, "पण व्हईल."

"मग?"

"मग मी ताटं उचलाय लावीन."

तिनं ताटातला शेवटचा घास संपवला. मग विचारलं, अकिनीचं ताट कुठं मांडणार? मी माझ्या शेजारची फरशी हातानं दाखवली. तिनं ती जागा नीट बघून घेतली. तिथं रस्सा सांडला होता, तो तिनं डोक्याचं फडकं सोडून स्वच्छ पुसला, आणि मग मान डोलावली.